मॉरिशस : नंबर, रकाना आणि तीन फुल्या

मागच्या अंकात मॉरिशसमधल्या मराठी भाषकांवर दोन पानी टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ ‘मॉरिसला गेले’ एवढेच घरात ऐकत आलो. त्यांचे पुढे काय झाले ते आज शोधता येईल का? (सावंतवाडी)

येईल, पण कोकणाच्या टोकाकडून नव्हे, मॉरिशसच्या टोकाकडून. इथून सुरुवात करणारे बहुतेक जण आडनावापाशीच अडतात. पोर्ट लुई बंदरातला कारकून कानावर पडेल तसे रोमन लिपीत लिहून घेई, आणि तेही माणसाचे नाव नि बापाचे नाव. आडनाव विचारलेच जाईल असे नव्हते. पुढे त्या माणसाचे पहिले नाव हेच नातवंडांचे आडनाव होऊन बसले. तिथे रामजी, बाबाजी अशी आडनावे भेटतात ती त्यामुळे. तेव्हा ‘सावंत’ शोधत बसलात तर हाती काही लागण्याची शक्यता कमी.

खरी किल्ली म्हणजे नंबर. करारावर आलेल्या मजुराला इमिग्रंट नंबर दिला जाई आणि तो मरेपर्यंत त्याच्या कागदांवर राही. आज ही दप्तरे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत. तुमच्या शाखेतले कोणी तिथे हयात असेल तर वाट सरळ आहे. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क माणसाचा जन्मदाखला तिथल्या सिव्हिल स्टेटस (जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी) कार्यालयातून काढायचा, त्यावरून आईबापांचा विवाहदाखला, मग त्यांच्या आईबापांचा. असे मागे जात राहिले की एक दाखला येतो ज्यात जन्मस्थान ‘इंडिया’ लिहिलेले असते. बहुतेक वेळा नंबर तिथेच किंवा त्या माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत सापडतो. नंबर हाती आला की दप्तरातली मूळ ओळ काढता येते. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते, एवढे सगळे एका ओळीत मिळते.

तिकडे कोणीच माहीत नसेल तर निदान बापाचे नाव, गाव, तालुका आणि दहा वर्षांच्या आतला अंदाजी काळ एवढे तरी हवेच. ‘रत्नागिरी’ हे ‘रटनाघेरी’ वाचायला मिळेल. उच्चार मोठ्याने करून पाहा, पुष्कळ कोडी तिथल्या तिथे सुटतात.

अडचणी कुठे येतात तेही सांगून ठेवतो. गावाच्या जागी नुसता जिल्हा असतो. एकदा परत येऊन पुन्हा गेलेल्या माणसाला दुसरा नंबर मिळालेला असतो, म्हणजे एकाच माणसाची दोन माणसे झालेली असतात. फोटोची आशा फार धरू नका. मजुराला जवळ बाळगाव्या लागणाऱ्या पासावर फोटो लावण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने आली, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्यांचा ओघ मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांतला. त्यामुळे फोटो मिळतात ते बहुतांशी कलकत्ता आणि मद्रासहून आलेल्यांचे.

आणि घरातल्या आठवणीत काळ १८३४ च्या आधीचा निघाला, तर एक शक्यता दचकवणारी आहे. १८१५ पासून मुंबई आणि बंगाल इलाख्यांतले शिक्षा झालेले कैदीही मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले गेले होते. त्यांचा शोध मजुरांच्या दप्तरात लागणार नाही.

या लोकांच्या करारात नेमके काय लिहिलेले असे? (कराड)

पाच वर्षांची मुदत, पुरुषाला महिना पाच रुपये. सुरुवातीच्या १८३४ च्या करारांत शिधाही लिहिलेला आहे : रोज दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, दोन औंस मीठ, थोडे तेल आणि चिंच. वर्षाला एक धोतर, एक चादर, दोन घोंगड्या आणि एक टोपी. दोन पौंड म्हणजे किलोला थोडे कमी. आकडा कागदावर वाईट दिसत नाही.

गोम पगाराच्या हिशेबात होती. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापायचा, याला ‘डबल कट’ म्हणत. समजा महिन्यात सहा दिवस ताप आला, तर बारा दिवसांचा पगार गेला. पाच रुपयांतले दोन रुपये तापाने खाल्ले. करार संपवून सुटलेल्या ‘जुन्या इमिग्रंट’लाही फोटोचा पास सतत जवळ बाळगावा लागे, नसला की भटक्या म्हणून अटक. याविरुद्ध आडॉल्फ द प्लेविट्झ यांनी १८७१ मध्ये मजुरांचा अर्ज तयार केला, त्यातून १८७२ चे रॉयल कमिशन आले. पुढे १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे पोहोचले आणि मजुरांचे खटले कोर्टात लढू लागले.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे १८४९ साली उभा राहिलेला उतारूंचा तळ, २००६ पासून जागतिक वारसा आहे. पाहायला गेलात तर मोठी वास्तू शोधू नका, तिचा थोडाच भाग उरला आहे. सोळा दगडी पायऱ्या मात्र आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर येई आणि साधारण दोन दिवसांत मळेवाल्याच्या ताब्यात जाई.

मी मॉरिशसची नागरिक आहे, आमचे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले. सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळणार असे ऐकले. काय तयारी करावी? (वाक्वा, मॉरिशस)

बरोबर ऐकले आहे. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देते ते कार्ड. एरवी ही सवलत चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे पणजोबा-पणजीपर्यंत पोहोचते. मॉरिशससाठी ती सातव्या पिढीपर्यंत नेण्याची घोषणा मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या तिथल्या दौऱ्यात झाली.

अर्ज अडतो तो कागदांची साखळी मध्येच तुटल्यामुळे. तुमच्यापासून त्या पहिल्या माणसापर्यंत प्रत्येक पिढीचा एक दाखला हवा, आणि एका दाखल्यातला मुलगा हाच पुढच्या दाखल्यातला बाप आहे हे नावावरून जुळायला हवे. फ्रेंच वळणाचे स्पेलिंग, इंग्रजी वळणाचे स्पेलिंग, मधेच गळलेला ‘जी’ अशा फरकांपायी अर्ज परत येतात. म्हणून आधी सगळे दाखले जमवा, टेबलावर ओळीने मांडा, नावांतले फरक पेन्सिलीने खुणा करून घ्या, मग ते दुरुस्त करून घ्यायचे की प्रतिज्ञापत्र जोडायचे ते ठरवा. शेवटचा दुवा म्हणजे मोका इथल्या अभिलेखागारातून मिळणारा इमिग्रेशनचा उतारा. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यांत आधी टाका.

कार्डाने काय मिळत नाही तेही लक्षात असू द्या : भारतात मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि सरकारी नोकरी मिळत नाही.

मॉरिशसमध्ये एक मतदार तीन मते देतो आणि हरलेला उमेदवारही खासदार होतो, हे खरे का? (नागपूर, तसेच पुणे)

दोन्ही खरे.

मुख्य बेटाचे २० मतदारसंघ, प्रत्येकातून तिघे निवडून येतात. रॉड्रिग्ज बेटातून दोघे. एकूण ६२. मतदान कागदी मतपत्रिकेवर होते आणि मुख्य बेटावरच्या मतदाराने तीन नावांसमोर तीन फुल्या मारायच्या असतात. दोनच मारल्या तर मतपत्रिका बाद, चार मारल्या तरी बाद. ‘मला एकच उमेदवार पसंत आहे’ असे म्हणायची सोयच नाही. उरलेल्या दोन फुल्या कुणाला तरी द्याव्या लागतात. त्यामुळे पक्ष आणि आघाड्या तिघांचे त्रिकूट उभे करतात आणि सभांतून ‘वोट ब्लोक’ म्हणजे तिघांनाही द्या, असा घोष चालतो. मतदाराने मनाने तीन वेगवेगळ्या गोटांतले निवडले तर त्याला ‘कूपे-त्रांशे’ म्हणतात, कापून वाटणे.

या पद्धतीत थोड्या मतांच्या फरकाने जागांचा पूर येतो. १९८२, १९९५ आणि २०२४ या तीनही वर्षी विजयी आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा घेतल्या.

आता हरलेल्यांचे. राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात लोकसंख्येचे चार समुदाय केले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि ज्यांची राहणी या तिन्हींपैकी कोणत्याच समुदायाची वाटत नाही ते सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. या चौथ्या रकान्यात मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज असलेले क्रिऑल आणि फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज एकत्र बसतात. मळ्याचा मालक आणि मळ्यावरचा गुलाम यांचे वारस एकाच रकान्यात घालणारी दुसरी घटना शोधूनही सापडायची नाही. मराठी, तमिळ, तेलुगू मात्र स्वतंत्र नाहीत. ते ‘हिंदू’त धरले जातात.

निकाल लागला की ‘बेस्ट लूजर’च्या आठपर्यंत जागा भरतात. पहिल्या चार जागांचा हिशेब असा. प्रत्येक समुदायाची लोकसंख्या घ्यायची, तिला त्या समुदायाच्या आलेल्या जागा अधिक एक या संख्येने भागायचे. भागाकार ज्याचा सर्वांत मोठा, त्याला जागा. लोकसंख्या मात्र १९७२ च्या जनगणनेची, कारण समुदाय विचारणारी ती शेवटची जनगणना.

एक गणित करून पाहू. तेव्हाची लोकसंख्या ढोबळ हजारांत अशी धरा : हिंदू ४२८, जनरल २३७, मुस्लिम १३७, चिनी २४. समजा ६२ जागांत हिंदू ३७, जनरल १७, मुस्लिम ७ आणि चिनी १ असे निवडून आले. भागाकार येतात : ४२८ भागिले ३८ म्हणजे ११.३; २३७ भागिले १८ म्हणजे १३.२; १३७ भागिले ८ म्हणजे १७.१, २४ भागिले २ म्हणजे १२. पहिली जागा मुस्लिम समुदायाला. आता त्यांच्या जागा ८ झाल्या, म्हणून १३७ भागिले ९, म्हणजे १५.२, दुसरीही त्यांनाच. तिसऱ्या वेळी १३.७, तरीही तेच पुढे. चौथ्या वेळी त्यांचा भागाकार १२.५ वर उतरतो आणि जनरलचा १३.२ तसाच असल्यामुळे जागा तिकडे जाते. जागा समुदायाला मिळाली, की त्या समुदायातल्या हरलेल्या पक्षीय उमेदवारांपैकी ज्याला आपल्या मतदारसंघात सर्वाधिक टक्के मते पडली तो सभागृहात जातो. अपक्षाला यात वाव नाही.

या चार जागांनी पक्षांचे प्रमाण ढळू शकते. ते सावरायला उरलेल्या चार जागा, म्हणून त्या देताना समुदायाबरोबर पक्षही पाहिला जातो. २०२४ मध्ये प्रमुख विरोधी आघाडीला सभागृहात शिरकाव मिळाला तो ‘बेस्ट लूजर’च्या जागांमधूनच.

यातले दुखणे उमेदवारी अर्जावर आहे. तिथे आपला समुदाय लिहावा लागतो. ‘आम्ही फक्त मॉरिशियन’ म्हणणाऱ्या रेझिस्तांस ए आल्तेर्नातिव्ह या पक्षाच्या उमेदवारांनी तो रकाना कोरा ठेवला आणि त्यांचे अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले. चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजच्या उमेदवाराला समुदाय जाहीर करायला लावणे योग्य नाही, असा २०१२ मध्ये तिचा निर्वाळा आला. २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनादुरुस्ती करून रकाना ऐच्छिक केला गेला; २०१९ ला तो पुन्हा सक्तीचा झाला, पुन्हा अर्ज बाद झाले. पद्धत रद्द करू म्हणणारे सगळेच भेटतात. अडते ते पुढे : नवी जनगणना करायची तर लोकांना पुन्हा समुदाय विचारावा लागेल, आणि न विचारता जागा काढून घेतल्या तर लहान समुदाय बिथरतील. आमच्या मते, हे भिजत घोंगडे मुद्दामच भिजत ठेवले आहे.

तिथे नोकरी करणारा भारतीय नागरिक मत देऊ शकतो का? (ठाणे)

देऊ शकतो, आणि हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. राष्ट्रकुलातल्या देशाचा १८ वर्षांवरचा नागरिक सलग दोन वर्षे मॉरिशसमध्ये राहत असेल तर घटनेच्या ४२ व्या कलमाने तो मतदारयादीत नाव घालू शकतो. भारत, बांगलादेश, श्रीलंका राष्ट्रकुलात आहेत; नेपाळ नाही, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या नेपाळी कामगाराला तो हक्क नाही. उलट मेलबर्न किंवा लंडनला स्थायिक झालेल्या मॉरिशियन माणसाला तिथून मत टाकता येत नाही. बांगलादेशी कामगारांच्या मतांवरून दर निवडणुकीत वादंग होतो, तो या कलमापायी.

कपड्याच्या कारखान्यात काम आहे म्हणून एजंट माझ्या भावाला मॉरिशसला नेतो म्हणतो. काय पाहून घ्यावे? (इचलकरंजी)

सर्वांत आधी एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. त्याला घेता येणारी सेवा-फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त नाही. ‘वरचे पैसे तिकडे द्यावे लागतात’ असे म्हणाला तर तिथेच थांबा.

मॉरिशसबाबत एक फट आहे. आखाती देशांना जाताना दहावी न झालेल्या कामगाराला विमानतळावर एमिग्रेशन क्लिअरन्स दाखवावा लागतो. त्या देशांच्या यादीत मॉरिशस नाही. म्हणजे जाताना करार पाहणारे कोणी नसते. त्यातून पर्यटक म्हणून पाठवून ‘परमिट तिथे गेल्यावर होईल’ असे सांगणारे निपजतात. हे कधीही मान्य करू नका. पर्यटक म्हणून उतरून काम करणे तिथे गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो कामगार.

नियमाचा क्रम असा : आधी मालक तिथल्या कामगार खात्याकडे वर्क परमिटचा अर्ज करतो, कराराचा मसुदा खात्याच्या परदेशी कामगार कक्षाकडून तपासला जातो, वैद्यकीय तपासणी होते, मग परमिट आणि राहण्याचा परवाना. त्यानंतर तिकीट. निघण्यापूर्वी कराराची प्रत भावाला वाचता येईल अशा भाषेत हातात हवी, आणि घरी तिचा एक फोटो काढून ठेवलेला हवा.

करारात चार गोष्टी शोधा. मूळ पगार : राष्ट्रीय किमान वेतन परदेशी कामगारालाही लागू आहे. जानेवारी २०२४ मध्ये ते महिना १६,५०० मॉरिशियन रुपये झाले, पुढे वाढत गेले. त्याखाली असेल तर काहीतरी चुकते आहे. तास : आठवड्याला ४५, त्यावर ओव्हरटाइम दीडपट, रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दुप्पट. वर्षअखेरचा बोनस : वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, कायद्यानेच, आणि त्यातला ७५ टक्के नाताळाच्या आधी. चौथे, जेवण-राहण्यापोटी काय कापणार, ते आकड्यात. ‘नियमाप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असेल तर तो आकडा पगाराच्या दिवशी कळतो.

परमिट त्या एका मालकाच्या नावावर असते. न पटल्यास समोरच्या कारखान्यात जाता येत नाही. तसे गेला की बेकायदा ठरला. म्हणून भांडण झाले तरी आवार सोडण्याआधी कामगार खात्याकडे तक्रार नोंदवायची, सोडल्यानंतर नव्हे. पासपोर्ट मालकाने ‘सांभाळायला’ म्हणून काढून घेणे नियमात बसत नाही. वसतिगृहाचा पत्ता, मालकाचे नाव आणि परमिटचा क्रमांक घरी लिहून ठेवा.

मराठी शाळेत शिकवतात, मग मुले मराठी बोलतात का? (सातारा)

बोलतात ती क्रिऑल. दहापैकी आठहून अधिक घरांची तीच भाषा आहे, फ्रेंच शब्दांवर उभी आणि व्याकरणाने वेगळी. ‘मी घरी चाललोय’ हे तिथला मराठी मुलगाही ‘मो पे अल लाकाज’ असेच म्हणेल. शाळेचे माध्यम इंग्रजी, वर्तमानपत्रे बहुधा फ्रेंच. प्राथमिक शाळेत मूल एक पूर्वजांची भाषा निवडते : हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी. २०१२ पासून त्याच रांगेत क्रिऑलही आली. एकीची निवड म्हणजे दुसरी सुटली. म्हणून मराठी वर्गाचा पट टिकवणे हे तिथल्या मंडळांचे वर्षानुवर्षांचे काम आहे. मराठी ही तिथे घरातून शाळेत येत नाही, शाळेतून घरात जाते. आजी खूश होते, उत्तर मात्र क्रिऑलमध्ये देते. जनगणनेत काही जण धर्माच्या रकान्यातही ‘मराठी’ असेच लिहितात, हेही सांगायला हवे.

गणेश चतुर्थीची तिथली सरकारी सुट्टी आपल्या कॅलेंडरशी का जुळत नाही? (डोंबिवली)

कारण ती बहुधा दुसऱ्या दिवशी असते. २०२३ ला २० सप्टेंबर, २०२४ ला ८ सप्टेंबर, २०२५ ला २८ ऑगस्ट. तिन्ही वेळा आपली चतुर्थी आदल्या दिवशी झाली होती. तिथे दीड दिवसाच्या गणपतीची रीत घट्ट आहे आणि मिरवणुका समुद्रावर जातात त्या विसर्जनाच्या दिवशी. सुट्टी लागते ती तेव्हाच.

चागोस बेटांचे लोक मॉरिशसचे की ब्रिटनचे? (मुंबई)

कागदोपत्री अनेकजण दोन्हींचे. ब्रिटनने १९६५ मध्ये, म्हणजे मॉरिशसच्या १२ मार्च १९६८ च्या स्वातंत्र्याआधी, हा द्वीपसमूह वेगळा काढला आणि १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियाच्या लष्करी तळासाठी तिथल्या रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ ला हे वेगळे काढणे बेकायदा होते, असे मत दिले. २२ मे २०२५ ला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या : सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडे.

माणसांचा मार्ग वेगळा आहे. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने बेटावर जन्मलेल्यांच्या वंशजांना विनाशुल्क ब्रिटिश नागरिकत्व मागता येते. सज्ञान अर्जदारांसाठी मुदत नोव्हेंबर २०२७ पर्यंत. इथेही अडते ते पुराव्यावर, कारण आजीचा जन्म पेरोस बान्योस बेटावर झाला हे दाखवणारा कागद लागतो. लंडनच्या दक्षिणेला गॅटविक विमानतळाजवळचे क्रॉली हे गाव आता चागोसवासीयांची मोठी वस्ती झाले आहे. पुष्कळ जण तिथे स्थिरावले ते उतरले त्या विमानतळाच्या आसपासच.